शेखरच्या घराजवळचं हॉटेल

॥ श्री ॥
कोल्हापूर, ८ जानेवारी १९९९

चि. सौ. दानेश्वरी हिस प्रभुलिंगमामाचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे अंथरुणातच मला टांग्याचा आवाज आला. चाबकाची दांडी चाकाच्या आऱ्यांत धरली की व्हायचा तो, कर्रर्र असा. आता गल्लीत टांगा कुठला? पण मी लहान होऊन उठून बसलो. हा आवाज आला की आमचे वडील धोतर सावरत रस्त्यावर जायचे. मुरगूडचा कुणी लांबचा पाहुणा लॉजचं नाव काढायला लागला, तर टांगेवाल्यालाच दम द्यायचे, की पावणं आमचं हाईत, तू त्यास्नी कुठं घेऊन निघालास रं? गावात आपलं माणूस असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडात मारणं, अशी आमच्या घरची समजूत. तुझ्या आईच्या लग्नात पाहुणे माळ्यावर गुळाच्या ढेपांशेजारी झोपले होते, ते तिला विचार.

आणि त्याच बापाचा मुलगा आज तुला विचारतो आहे, की व्हिएन्नात आमच्या राजशेखरच्या घराजवळ एखादं स्वस्त, बरं हॉटेल बघशील का? तू म्युनिकात, म्हणजे तशी शेजारीच.

शेखर फोनवर दर वेळी सांगतो, आण्णा, घर लहान आहे, पुढच्या वर्षी या. दोन वर्षं तो पुढच्या वर्षावर आहे. पण तुझ्या मामीला पुढचं वर्ष नाही. घाबरू नकोस, जिवाला काही नाही, डोळ्यांचं आहे. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत येतो आहे, मधली वाटीएवढी जागा राहिली आहे. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते आत्ता बघून घ्या. तिला दुसरं काही बघायचं नाही. शेखरचं तोंड बघायचं आहे. त्याला हे फोनवर कळवलेलं नाही, उगाच घोर लागेल.

व्हिसाला एक तर मुलाचं बोलावणं लागतं, नाही तर हॉटेलची खोली धरल्याचा कागद, असं इथला एजंट सांगतो. बोलावणं येत नाही. तेव्हा खोली. त्याच्यावर भार नको. आम्ही आपले राहू, संध्याकाळी तो कामावरून आला की जाऊन बसू. त्याचा पत्ता हेर्नरगासे २१. खोली तळमजल्यावर असावी, गरम पाणी असावं. जेवणाचं बघू नकोस, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आमची आम्ही आणू. आणि आपल्या ऐपतीतली असावी. गुळाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात जन्म गेला, त्याची शिल्लक ती केवढी.

परवा गच्चीवर शाळेतल्या कवितांच्या चालीवर दोन ओळी सुचल्या :

दूर नदीच्या काठावरती खोली एक असावी,
खिडकीमधुनी बाळाघरची समई मला दिसावी.

हॉटेलचं मामीला बोलू नकोस. आपण शेखरकडेच उतरणार, अशा समजुतीत ती आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायला माझ्याकडे आता जागा नाही.
तुझा, प्रभुलिंगमामा


म्युनिक, २७ जानेवारी १९९९

ति. मामांस दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून आधी हसले आणि मग मामींच्या डोळ्यांपाशी आल्यावर हसू गेलं. दोन ओळी फार छान आहेत, फक्त इथं समई कुणी लावत नाही आणि शेखरदादाचं घर नदीपासून लांब आहे, हे कवींनी लक्षात घ्यावं.

आता कामाचं. माहितीपुस्तकातून तीन ठिकाणं काढली. पहिलं मोठ्या स्टेशनाजवळ, स्वस्त, पण यांच्या मित्राचं म्हणणं, संध्याकाळी मामींना घेऊन चालावं अशी ती गल्ली नव्हे. दुसरं राजवाड्याजवळ, खिडक्यांत तांबडी फुलं, दारात टोपीवाला माणूस. तिथं एक रात्र राहण्यापेक्षा तुम्ही कोल्हापुरात एक म्हैस घ्यावी. तिसरं नदीपलीकडे, स्वच्छ आणि परवडणारं, पण दादाच्या घरी जायला दोन गाड्या बदलायच्या. मामींना तिथल्या स्टेशनांचे जिने झेपतील का? साध्या, घरगुती हॉटेलला तिथं पेन्शन म्हणतात. तेव्हा पेन्शनरांनी पेन्शनीतच उतरावं, हे उत्तम. तशी एखादी जवळपास मिळते का बघते.

एक विचारू का? दादाला मी फोन लावला होता. एका बाईंनी उचलला, जर्मनमध्ये बोलल्या. राजशेखर आत्ता नाही, निरोप ठेवते, म्हणाल्या. आवाज गोड होता. त्याचा उलट फोन काही आला नाही. मामा, तुम्हाला काही ठाऊक आहे का?

मामींना साष्टांग. माया असू द्या, आणि कविता पाठवत राहा.
तुमची, दानेश्वरी


॥ श्री ॥
कोल्हापूर, ११ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. दानेश्वरी हिस अनेक आशीर्वाद.

अगं, काय करून ठेवलंस हे! तुझं पत्र मी तुझ्या मामीला, हिराला, हॉटेलचा भाग गाळून वाचून दाखवत होतो. त्या बाईच्या आवाजाशी आलो आणि तिनं माझा हात धरला. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, आता समजलं पोरगं का बोलवत न्हाय. लगीन केलंय त्यानं. लाजतंय.

त्या दिवसापासून घरात लग्नघाई आहे. काल मला महाद्वार रोडला नेऊन सुनेसाठी इरकल लुगडं घ्यायला लावलं. दुकानदारानं मुलीचा रंग विचारला. आमची सून गोरीच असणार, असं तिनं इतक्या ठसक्यात सांगितलं, की दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रंग तिला नीट दिसत नाहीत. बोटांनी काठ चाचपून लुगडं निवडलं. गडमुडशिंगीला तिच्या माहेरीही निरोप गेला. मी म्हटलं, अजून कशाचा पत्ता नाही, तू गावभर करू नको. तर म्हणाली, तुम्ही गप बसा की, तुमास्नी कवितेतलंच तेवढं कळतंय.

मला मात्र एक चांगलं वाटलं. घरात बाईमाणूस आहे, म्हणजे मुलगा वेळेवर जेवत असणार.

तेव्हा आता हॉटेल अगदी लगत हवं. राजवाडा नको, नदीही राहू दे. तू एकदा स्वतः जाऊन बघशील का? हॉटेलची जागा चित्रावरून कळत नाही, आणि माणसाचं घर तर मुळीच नाही.

खाली मामी सांगते तसं लिहितो :

दाने, त्या पोरीला भेटलीस तर सांग, भाकरी येत न्हाय म्हणून भ्यायचं न्हाय. मी काय खाष्ट सासू न्हाय. आणि शेखऱ्याला सांग, आईला एवढं बी परकं करू नगंस.

इति मामी. घरी सर्वांना आशीर्वाद. आमची आठवण ठेवणं चालू राहो.
प्रभुलिंगमामा


म्युनिक, ६ मार्च १९९९

ति. मामांस शि. सा. न.

हे पत्र मामींना वाचून दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा.

गेल्या शनिवारी मी व्हिएन्नाला गेले. स्टेशनातल्या माहिती खिडकीवर त्या भागातल्या स्वस्त पेन्शनींची नावं मागितली. मुलीनं कागद दिला. पहिलंच नाव पेन्शन रोझा, हेर्नरगासे २१. मी तिला म्हटलं, हा माझ्या भावाच्या घराचा पत्ता आहे, काही तरी चुकलं असेल. ती म्हणाली, चुकलेलं नाही.

मामा, दादाचं घर नाहीच. ज्या घराजवळ तुम्ही हॉटेल शोधत होता, तेच हॉटेल आहे. फोन उचलणाऱ्या बाई पेन्शनीच्या मालकीण, सत्तरीला टेकलेल्या. त्याच मला आत घेऊन गेल्या. दादा खाली नाश्त्याच्या टेबलांवरचे कप गोळा करत होता. मला बघून त्यानं हातातले कप खाली ठेवले, आणि पुन्हा उचलले.

त्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली. मग घर गेलं. आता पेन्शनीतलं सकाळचं काम करतो आणि वरच्या मजल्यावरची मागची खोली त्याला दिली आहे. एक पलंग, एक बेसिन. खिडकीतून समोरची भिंत दिसते. बाईंना त्याचं कौतुक आहे. फार सभ्य, कुणाला त्रास नाही, असं सांगत होत्या. मला ते ऐकवेना.

मी त्याला म्हटलं, कोल्हापूरला परत चल. तो म्हणाला, काय तोंड घेऊन जाऊ? गावात सगळे विचारणार, साहेब कधी आलात, परत कधी निघणार? मामींच्या डोळ्यांचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, आण्णांना यातलं सांगू नकोस. मी हो म्हणाले. आणि हे लिहीत बसले आहे.

माझ्यावर राग असेल तर तोही कळवा. गप्प मात्र राहू नका.
दानेश्वरी


॥ श्री ॥
कोल्हापूर, २० मार्च १९९९

चि. सौ. दानेश्वरी हिस आशीर्वाद.

तुझ्यावर राग कसला. पत्र खिशात घालून मी रंकाळ्यावर जाऊन बसलो होतो. आमच्या शाळेत मास्तर पाखरांच्या कविता म्हणायला लावायचे. संध्याकाळ होते, पाखरू घरट्याकडे येतं, आणि आम्ही पोरं बाकं बडवत शेवटची ओळ गायचो. सगळ्या कवितांत पाखरू परत येतंच. मला वाटतं, त्या कवींची मुलं त्यांच्याजवळच राहत असावीत.

हिराला काही बोललो नाही. ती लुगड्याला फॉल लावून आणायला निघाली आहे.

मग तिथं बसल्या-बसल्या एक सुचलं. आपल्याला काय हवं होतं? स्वस्त, घरगुती, शेखरच्या लगत. मग याहून चांगली जागा कुठली? पेन्शन रोझातच आमची खोली धर. तळमजल्यावर असेल तर उत्तम. हिराला मला खोटं सांगावं लागणार नाही. उतरलो कुठं, तर मुलाच्या पत्त्यावर. सकाळी तो कप उचलेल, मी टेबल पुसेन. त्याला म्हणावं, आण्णा काही विचारणार नाहीत. मे महिन्यातली धर. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि मुलाला जेवू घातल्याबद्दल हिराच्या हातची चटणी आणतो म्हणावं.

प्रेम असू दे. घाई कर.
मामा


म्युनिक, ८ एप्रिल १९९९

ति. मामांस शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. खोली मी तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी धरली. बाई इतक्या खूश झाल्या, की आई-वडील येणार म्हणून त्यांनी लगेच दादाला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखा नाश्ता मांडला, कप विसळले, खोली झाडली आणि बॅग घेऊन गेला. किल्ली टेबलावर होती. कुठं गेला ते त्या बाईंना माहीत नाही, मलाही नाही. यांनी त्याच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांना फोन केले. त्यांना तर तो अजून व्हिएन्नात आहे हेच ठाऊक नव्हतं.

खोली अजून तुमच्या नावावर आहे. ठेवू की सोडू? तुम्ही याल तर मी आणायला येईन. पण आता कुणाला भेटायला म्हणून यायचं, मामा?

मामींना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. माझा नमस्कार मात्र सांगा.
दानेश्वरी


॥ श्री ॥
कोल्हापूर, २६ एप्रिल १९९९

चि. सौ. दानेश्वरी हिस अनेक आशीर्वाद.

खोली सोडून दे.

काल हिराला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती शेंगा निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, म्हंजे सून न्हाय. मी नाही म्हटलं. म्हणाली, मग लेकराच्या अंगात ताप आला तर पाणी कोण देत असंल? शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, भाड्याच्या खोलीत ऱ्हातोय म्हणून आई त्याला टाकणार हुती व्हय?

तिचा उजवा डोळा गेला. डावा दिवसा थोडा चालतो. दिवे लागले की ती भिंतीला हात लावून हिंडते. पासपोर्ट मी ट्रंकेत ठेवून दिले. एजंट म्हणाला, दहा वर्षं चालतात. मी त्याला म्हटलं, पासपोर्ट चालतील हो.

मला आता ओळी सुचत नाहीत. पाठ असलेल्याही मधेच तुटतात. तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. मीच

दार वाजलं म्हणून वर अर्धवट राहिलं. आता घाईत लिहितो. हिरा आत लुगडं बदलते आहे, तेवढ्यात.

दारात एक अनोळखी माणूस उभा आहे. आकाराम नाव सांगतो, स्टेशन रोडच्या एका लॉजचा मॅनेजर. मी म्हटलं, आम्हाला कुठं जायचं नाही, घर चुकलात. तर म्हणाला, चुकलो न्हाय पावणं, राजशेखर म्हणून तुमचं कोण हाय का? आमच्यात उतरल्यात. चार-सहा दिस झालं. रोज संध्याकाळी भायेर जात्यात आणि तोंड पाडून परत येत्यात. कुठं गेलता म्हणून इचारलं तर म्हणाले, गल्लीच्या तोंडापातूर. कालपासनं ताप हाय, अंग तव्यागत तापलंय. गावात कोण आपलं हाय का इचारलं, तर न्हाय म्हणाले. आज सकाळी पुन्हा इचारलं, तवा तुमचं नाव सांगितलं. आणि वर म्हणत्यात, त्यास्नी सांगू नगा. असं कुठं असतंय का हो? म्हणून न इचारता आलो.

मी खुर्ची धरून उभा होतो. हिरा आतून सगळं ऐकत होती. तिनं आकारामला विचारलं, खोली कितव्या मजल्यावर आहे. तो म्हणाला, तिसऱ्या. जिन्यात दिवा न्हाय, मावशी, सावकाश यायला लागंल.

शेखर दार उघडेल का, आम्हाला बघून पुन्हा बॅग उचलेल का, मला काही सांगता येत नाही. रिक्षा दारात आहे. हिरा बाहेर आली. माझा हात चाचपून धरला आणि म्हणते, पत्र ऱ्हाऊ द्या, उजेड हाय तवर चला.