सालिमचाचांची रायफल

मत्रह (ओमान), शुक्रवार, जानेवारी २०१४

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, सालिमचाचा आज पुन्हा म्हणाले, "माझी शिकारीची रायफल घेऊन टाक. तुझ्या गावी डुकरं मारायला होईल." मी हसलो. मला परदेशी माणसाला परवाना कोण देणार? पण जुनी असली तरी तेल लावून लावून काय चकचकीत ठेवलीय!

त्यांच्या घरून निघताना चाची दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "बेटा, काहीही कर, पण ती घरातून ने. खालिद गेल्यापासून हे रोज दार लावून तिला तेल लावत बसतात."

खालिद त्यांचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षी वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, आलेल्या पुरात वाहून गेला.

घरी आलो तरी चित्त थाऱ्यावर नाही. शिकार तर चाचांनी कधीच सोडली, मग रोज तेल कशाला? की मीच उगाच घाबरतोय? विकत घेता येत नाही, आणि नाही म्हणून मोकळंही होता येत नाही.

शेवटी मगरिबच्या नमाजानंतर फोन केला. "चाचा, रायफल मी घेणार नाही. पण सकाळी येतो, दोघं जाऊन पोलिसांकडे जमा करू."

 ते म्हणाले, "सकाळी नको. आत्ता ये."

तसाच गेलो. जमा करून परतताना गाडीत ते पहिल्यांदाच खालिदबद्दल बोलले. घर आलं तरी उतरले नाहीत, बोलतच राहिले.