यंदा काडतुसं मी भरणार

१२ ऑगस्ट, सोमवार
ठरलं. यंदा माझ्या नवऱ्याची, आर्लनची काडतुसं मी भरणार.

काल चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी माझी नणंद लव्हॉन सगळ्यांसमोर म्हणाली, आर्लनला इतक्या वर्षांनी सोडतीत मोठ्या नर एल्क हरणाचा परवाना लागलाय, मला आता काडतुसं भरायच्या कामाला लागलं पाहिजे. आणि डॉरीन, तू तो तुझा ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश डब्यात भरून दे, म्हणजे तळावर मला रांधायला नको. बायका हसल्या. मीही हसले. मनात मात्र सगळ्यांची नावं लिहून ठेवली.

या घराण्याची रीत अशी की जो काडतुसं भरतो तो शिकाऱ्याबरोबर डोंगरातल्या तळावर जातो. सासरे गेल्यापासून लव्हॉन भरते आणि लव्हॉन जाते. बहीण-भाऊ आठवडाभर तंबूत पत्ते कुटतात आणि मी इथे नळ गोठू नयेत म्हणून राखण करते. एवढी वर्षं संसार केला, तो तळ कसा दिसतो ते मला फोटोतच माहीत. त्या फोटोतही मध्ये लव्हॉन.

तिच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र कडवटपणा नाही, देव साक्षी आहे. ती उधळी आहे, तोंडाळ आहे आणि तिचा केक आतून कच्चा राहतो, एवढंच.

१३ ऑगस्ट
आर्लनला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, तू? मी म्हटलं, मी. म्हणाला, बरं. मग काढलेला बूट पुन्हा पायात घालून अंगणात गेला. आनंद घरात मावेना बिचाऱ्याचा.

१५ ऑगस्ट, गुरुवार
ऑरिनच्या बंदुकीच्या दुकानात गेले. सगळं आहे आमच्याकडे: सासऱ्यांचं काडतुसं भरायचं दाबयंत्र तळघरात आहे, तराजू आहे, वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन ठेवल्यात, गोळ्याही आहेत. फक्त पावडर हवी. बंदुकीची पावडर म्हणजे काय, शेवटी कोरडा जिन्नसच. आयुष्यभर कोरडे जिन्नसच घेतलेत मी.

ऑरिन म्हणाला, बाई, रायफल मोठी आहे, पुंगळी लांब आहे, मंद जळणारी पावडर लागेल. तीन-चार प्रकारच्या एकेक पौंड घेऊन जा, नेमबाजीच्या मैदानावर मारून बघा, रायफलला जी आवडेल ती मग घाऊक घ्या.

रायफलला आवडेल! नवऱ्याला काय आवडतं हे मी कधी विचारलं नाही, आणि तो चांगला जाडजूड आहे.

पौंडापौंडानं विकणारा दुकानदार पौंडच घ्या म्हणणार. मी निघाले. मागून म्हणाला, लव्हॉनला विचारा, तिला माहितीय. दार जरा जोरात लागलं. वारा होता.

१९ ऑगस्ट, सोमवार
अभ्यास झाला. मी मॅट्रिक आहे, आणि गणितात वर्गात दुसरी होते.

लव्हॉन वापरते ती पावडर शेवयांच्या तुकड्यांसारखी असते. मापात अडकते, दर वेळी यंत्राला टपली मारावी लागते, आणि महाग. दुसरी आहे गोल, बारीक, मोहरीसारखी. मापातून पाण्यासारखी वाहते आणि स्वस्त. सभ्य माणसानं कुठली घ्यावी हे वेगळं सांगायला नको. तरी प्रार्थना केली, डोळे उघडले, तर समोर मोहरीवालीचाच भाव. देव स्वस्ताच्या बाजूला असतो हे मी नेहमी म्हणते.

ऑरिनला फोन करून सांगितलं. उपकार म्हणून नाही, कळावं म्हणून. म्हणाला, ती थंडीत ढिली पडते बाई, आणि शिकार होणार बर्फात. मी म्हटलं, थंडीत मीही ढिली पडते, पण जेवण वेळेवर होतं.

टपालाचं गणित असं: जोखमीच्या मालाचा जादा आकार पार्सलमागे एकच, आत पौंडभर असो की पिंपभर. म्हणजे थोडं घेणारा मूर्ख. आठ पौंडांचे दोन बुधले मागवले.

आर्लननं कागदावर आकडेमोड केली. म्हणाला, डॉरीन, मी वर्षाला चार-पाच गोळ्या मारतो. एवढी पावडर संपवायला मला साडेतीनशे वर्षं जगावं लागेल. मी म्हटलं, दीर्घायुष्य देवाच्या हाती आहे, भाव वाढणं नाही.

२८ ऑगस्ट
बुधले आले. सही करून घेताना पार्सलवाला म्हणाला, युद्ध आहे का कुणाशी? आगाऊ. त्याला पाणी विचारणार होते, नाही विचारलं.

३१ ऑगस्ट, शनिवार
विजय. पुस्तकातलं प्रमाण बघून थोडी काडतुसं भरली आणि आर्लननं मैदानावर मारली. निशाणाच्या कागदावर तीन भोकं एकमेकांना चिकटून! भर उन्हात मी टाळ्या वाजवल्या. आपली जुनाट रायफल घेऊन लव्हॉन पण तिथे तडमडलीच होती. कागद बघितला आणि म्हणाली, छान. मग म्हणाली, आज घाम येतोय, थंडी पडली की बघू.

मत्सर माणसाला किती कुरूप करतो! टोपीमुळे तेवढं दिसत नाही.

आर्लनला विचारलं, तळावर मला कुठली खाट मिळेल. म्हणाला, लव्हॉनची शेगडीजवळची आहे. मी म्हटलं, होती.

१४ सप्टेंबर, शनिवार
बीटचं लोणचं घातलं. बरण्या ठेवायला जागा नाही. तळघरातल्या फळीवर लव्हॉनचा जुना बुधला, तळाशी जेमतेम थोडी पावडर, वर्षभर ऐसपैस बसलाय. शेजारी माझा एक बुधला, त्यातली थोडी वापरून झालेली. दोन अर्धवट डबे ठेवणारी बाई बाई नव्हे, असं आई म्हणायची.

लव्हॉनची पावडर माझ्यात ओतली, नीट हलवली. मोहरीत शेवया मिसळल्यासारखं दिसतं. दोन पिठं मिसळली की पाव हलका होतो, तसंच हे. तिची थंडीला चांगली, माझी ओघाला चांगली. दोघींचे गुण एकत्र. ऑरिनला हे सुचलं नसतं. रिकामा बुधला धुऊन त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. लव्हॉनच्या अक्षरातली चिठ्ठी खरवडून काढली. फार बरं वाटलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
दोन आठवडे रोज संध्याकाळी काडतुसं भरतेय. मिश्रण मापात जरा अडखळतं, टपली मारली की चालतं. टपली मारताना एक चेहरा डोळ्यांसमोर आणते.

आधीची भरलेली आणि आताची, सगळी एकाच कुकीच्या मोठ्या डब्यात ठेवली. लव्हॉन प्रत्येक खोक्यावर तारीख, पावडर, वजन लिहिते. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही त्यानं चिठ्ठ्या लावाव्यात.

आर्लन म्हणाला, एकदा मारून बघू का आताची? मी म्हटलं, ऑगस्टमध्ये बघितली की. उगाच नासाडी नको.

१२ ऑक्टोबर, शनिवार
चर्चचं वार्षिक माशांचं जेवण. काय झालं ते शांतपणे लिहिते.

पंक्तीत लव्हॉन समोरच होती. मला म्हणाली, काय डॉरीन, झाली का साडेतीनशे वर्षांची बेगमी? म्हणजे आर्लननं तिला सांगितलं होतं. मी नम्रपणे म्हटलं, केव्हाच झाली. शिवाय तुझी जी राहिलेली होती ती माझ्यात मिसळून टाकली, वाया नाही घालवली.

लव्हॉनचा काटा हातातच राहिला. म्हणाली, कशात मिसळली? मी म्हटलं, पावडरीत, आणखी कशात? शेजारचा ऑरिन खुर्ची सरकवून उभाच राहिला. पास्टर टोलेफसनसुद्धा हरणाची शिकार करतात; ते म्हणाले, अरे देवा, आणि ते प्रार्थनेसारखं वाटलं नाही.

मग सगळे एकदम बोलायला लागले. दोन पावडरी मिसळल्या की ती कशी जळेल ते कुठल्याच पुस्तकात नसतं म्हणे. गोळी मध्येच अडकेल, नाहीतर रायफल तोंडाजवळ फुटेल. ऑरिन म्हणाला, बाई, तुम्ही सैपाकघर समजलात का? आर्लननं फक्त एवढंच विचारलं, कुठली काडतुसं आधीची आणि कुठली नंतरची? मी म्हटलं, मला बघून कळतात.

त्यानं खिशातून एक काढून ताटाशेजारी ठेवलं. म्हणाला, सांग.

मी सांगितलं, आधीचं. म्हणाला, हे आज सकाळी डब्याच्या तळातनं काढलंय की वरनं, ते मलाही आठवत नाही. मग ते परत खिशात टाकून तो उठला.

मासा थंड झाला. नाहीतरी यंदा मीठ जास्तच होतं. रांधणारी लव्हॉन.

१३ ऑक्टोबर, रविवार
मिश्रणाचा बुधला आर्लननं अंगणात पातळ पसरून टाकला. पसरलेली पावडर खतासारखी मुरते म्हणे. लव्हॉन कुंपणावर रेलून बघत होती. म्हणाली, एल्क नाही पडला तरी चरायला गवत मस्त येईल.

काडतुसं सगळी उकलायची आहेत. हातोडीसारखं एक हत्यार असतं, त्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी सुटते. एकेक. ऑरिननं ते हत्यार उसनं दिलं, आणि पहिल्यांदाच फुकट काही दिलं. त्याच्या चेहऱ्यावरनं वाटलं, पैसे घेतले असते तरी त्याला एवढा आनंद झाला नसता.

कुणालाही दोष देत नाही. लव्हॉननं आपला बुधला आमच्या फळीवर ठेवलाच नसता तर हे घडलंच नसतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
काही बिघडलेलं नाही. दुसरा बुधला अजून न फोडलेला आहे! शुद्ध मोहरी. नव्यानं भरली. आज पहिलीच कडाक्याची थंडी, तेव्हा आर्लन म्हणाला, आत्ताच मारून बघू. तीन गोळ्या मारल्या. दोन कागदाच्या खाली गेल्या, आणि तिसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक. ऑगस्टमध्ये एकमेकींना चिकटून बसत होत्या.

मी म्हटलं, तूच कापत असशील. त्यानं रायफल पिशवीत घातली.

२१ ऑक्टोबर, सोमवार
शनिवारी शिकार सुरू होते. ऑरिनकडची मंद पावडर केव्हाच संपली, म्हणून आर्लन तयार काडतुसांसाठी तीन गावं फिरून आला. सासऱ्यांची रायफल असल्या जुन्या मापाची की कुणी ठेवतच नाही, म्हणून तर घरी भरतात. हा परवाना पुन्हा लागेल तोपर्यंत आर्लन काठी टेकत चालत असेल. तो स्वयंपाकघरात नुसता बसून होता. मी हॉटडिश वाढला. खाल्ला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी गुडघे टेकून प्रार्थना केली: देवा, काहीतरी मार्ग दाखव, पण लव्हॉनच्या दारावरून जाणारा नको.

२२ ऑक्टोबर
मार्ग दाखवला. लव्हॉनच्या दारावरूनच.

मला जावंच लागलं नाही. सकाळी तीच आली, दोन खोकी टेबलावर ठेवली. प्रत्येकावर तारीख, पावडर, वजन. तारीख जुलैची, मी गावाला गेले होते त्या आठवड्यातली. म्हणजे मी ठरवलं त्याच्याही आधी तिनं भरून ठेवली होती. मी म्हटलं, मग चर्चमध्ये कामाला लागते असं का म्हणालीस? म्हणाली, तुला चिडवायला.

आर्लन हसला. महिनाभरात पहिल्यांदा. मग म्हणाला, रीत ती रीत. लव्हॉन म्हणाली, अर्थात, आणि डॉरीन, हॉटडिश जरा सैल कर, मागच्या वेळचा कापावा लागला.

दुखणं बाहेर दिसू दिलं नाही. दोन वाट्या दूध वगळून केला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
दोघं गेले. खिडकीतून हात केला. लव्हॉननं भोंगा वाजवला.

एका अर्थी बरंच झालं. मला थंडी सोसत नाही, तंबूत प्रार्थना नीट होत नाही, आणि कुणीतरी नळांकडे बघायला हवंच. मुळात मला जायचंच नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न होता.

तळघरात बसून काडतुसं आपटत होते. बरीच राहिलीत.

२ नोव्हेंबर, शनिवार
आले. भला थोरला नर. एकाच गोळीत पडला म्हणे. आर्लन उतरल्या उतरल्या माझ्या गळ्यात पडला, तेव्हा रक्ताचा, धुराचा आणि लव्हॉनच्या कॉफीचा वास आला. तो पडला त्या दिवशी नेमकी मी दुपारभर प्रार्थना केली होती, त्यामुळे गोळी कुणाची हा प्रश्न गौण आहे. तसं मी त्याला सांगितलं. म्हणाला, पडला तो सकाळी.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
यंदा टर्की नाही, एल्कचा रोस्ट. लव्हॉन, ऑरिन, पास्टर, सगळे आमच्याकडे. माझ्या टेबलावर, माझ्या ताटल्यांत. रोस्ट मऊ झाला होता, मी केलेला. कुणी ते बोललं नाही.

जेवणाआधीची प्रार्थना दर वर्षी मी करते. यंदा आर्लन म्हणाला, मी करतो. लग्नात हो म्हटल्यापासून तो लोकांसमोर दोन वाक्यं सलग बोललेला नाही. हात जोडून म्हणाला, देवा, या जनावराबद्दल तुझे आभार. लव्हॉनच्या काडतुसांबद्दल आभार. मग थांबला. मला वाटलं, आता माझं नाव.

ते आलं. म्हणाला, आणि डॉरीन घरी राहिली त्याबद्दल तुझे फार आभार.

सगळे म्हणाले, आमेन. सगळ्यात मोठ्यानं मी. प्रार्थना संपली की तोंडातून निघतंच.