मेलेल्यांचा रकाना

सोम. ३ फेब्रु.
सकाळी चौकातला फळा लिहिला. सुविचार माझाच, बिननावाचा. शब्द : निबर. जन्मदिन : एक जुने गणिती, कैलासवासी. परिसरवार्ता : गुरुवारी पाणी नाही. कोपऱ्यावरचा खड्डा होता तिथेच आहे.

हात झटकत होते तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष सुहास हजर. "ताई, शनिवारी पिंटूभाऊंचा वाढदिवस. जन्मदिनात घ्या."
म्हटलं, तो रकाना मेलेल्यांचा आहे.
"जरा ॲडजस्ट करा ना."
"मी काय ॲडजस्ट करणार? त्यांनी करायला हवं."

नियम देवधर सरांचा. गुडघे गेले तेव्हा फळा माझ्याकडे दिला, सोबत नियमही. जिवंत माणसाचा वाढदिवस लिहायचा नाही; तो उद्या काय करेल कोण सांगणार? मेलेल्याचं सगळं करून झालेलं असतं. अख्ख्या पेठेला माहीत आहे, आमच्या जन्मदिनात नाव आलं की माणूस गेलेला.

पिंटूभाऊ भावी नगरसेवक. निवडणूकच होत नाही, त्यामुळे बरीच वर्षं भावीच. खड्डाही त्यांचाच. गणपतीत स्वागतकमानीसाठी खणला, कमान गेली, खड्डा राहिला. गोखलेकाकूंचा हात त्यातच मोडला.

बुध. ५
फ्लेक्स लागला. भाऊ, गॉगल, मागे वाघ. वाघाचं शेपूट फळ्यावर. सुविचार झाकला गेला, खड्ड्याची ओळ तेवढी दिसतेय. झाकायचंच तर मोजून तरी आणायचं.
उरलेल्या जागेत शब्द लिहिला : सावली. अर्थ : फ्लेक्समागे राहणाऱ्यांना दिवसभर मिळते ती.
एक गृहस्थ शेपटाखाली वाकून सुविचार वाचत होते. "कोणाचं हो हे वाक्य?" माझं, म्हटलं. "अस्सं," म्हणाले आणि उरलेलं न वाचताच गेले.

शुक्र. ७
मंडळाच्या हापिसात बोलावणं. भाऊ स्वतः. चहा बरा होता.
"आमच्या नावाचंच वावडं का, ताई?"
"नावाचं नाही हो. रकान्याचा प्रश्न आहे."
सुहास मध्येच : भिंत मंडळाची, फळा मंडळाचा. नाव आलं नाही तर फळा काढून स्क्रीन. सुविचार, शब्द, जन्मदिन, सगळं आपोआप येतं म्हणे. "खडूची धूळ नाही, कटकट नाही."
"आणि खड्डा? तोही आपोआप येतो का स्क्रीनवर?"
सुहासने बिस्किटं पुढे केली.

घरी येऊन सरांना फोन. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिही म्हणतात तर लिही. फक्त नियम बदलला असं कुठे लिहू नकोस."
सर शाळेत फार मारायचे म्हणतात. त्यांचं डोकं तेव्हापासूनच असं तिरकं चालत असणार.

शनि. ८
लिहिलं. जन्मदिन, पूर्ण नाव, खाली 'सामाजिक कार्यकर्ते'. अक्षर नेहमीचंच. एक काना इकडे नाही की तिकडे नाही.

आठपर्यंत वाण्याने शटर अर्धं ओढलं. गोखलेकाकू प्लॅस्टरमधला हात कपाळाला लावून : "अगं, असं अचानक? आता तो खड्डा कोण बुजवणार?" फुलवाल्याने फळ्याच्या खिळ्याला हार अडकवला. कोणी तरी शोभत नाही म्हणून फ्लेक्स उतरवून ठेवला, गॉगल भिंतीकडे करून. मांडववाला टेम्पोतून उतरला आणि त्याने हळूच विचारलं, "झालरी रंगीतच लावू, का पांढऱ्या?"
दहाला भाऊ केक घेऊन उतरले. काकू किंचाळल्या.

मी गॅलरीतून पाहिलं. हसले, लपवत कशाला.

रवि. ९
सुहास दारात, लालबुंद. "पुसा ते!"
"कालचं आज सकाळीच पुसलंय. वाचत नाही का फळा?"
आजचा शब्द : चिरंजीव. तो त्याने वाचला होता.
म्हणाला, उद्या फळ्यावर माफी, नाहीतर मंगळवारी फळा खाली.

संध्याकाळी भाऊ एकटेच आले. बुलेट नाही, माणसं नाहीत. चप्पल बाहेर काढून आत. पाणी मागितलं.
"आईला फोन गेला गावी. तिला खरंच वाटलं. एसटीत बसली होती ती, ताई."
हे मला सुचलं नव्हतं. तसं सांगितलं. आईची माफी मागते म्हटलं, फोन लावा. लावला. म्हातारी माझ्यावरच ओरडली, चांगली सणसणीत. बरं झालं.
फोन ठेवला तरी भाऊ बसूनच. गॉगल दोन्ही हातांत फिरवत. मग, "लोक काय म्हणत होते?"
"कशाबद्दल?"
"मी... गेलो म्हणून."
सांगितलं. हार फुलवाल्याने फुकट दिला. वाण्याने शटर ओढलं. आणि गोखलेकाकू म्हणाल्या, आता तो खड्डा कोण बुजवणार.
"एवढंच?"
"एवढंच."
पाणी तसंच ठेवून गेले.

सोम. १०
माफी लिहायची का? आईची मागून झाली. मंडळाची कशाबद्दल? नियम मी मोडला नाही, मला मोडायला लावला. आज गप्प बसले तर उद्या रकान्यात भाऊंच्या साहेबांचा वाढदिवस, परवा साहेबांच्या कुत्र्याचा. आणि खड्डा कोणत्या रकान्यात लिहायचा?

परिसरवार्ता : पिंटूभाऊ हयात आहेत. खड्डाही.

सरांना फोनवर वाचून दाखवलं. "पूर्णविराम दिलास ना?" एवढंच विचारलं.

मंगळ. ११
सातला गेले तर ड्रिलवाले आधीच तिथे. वरचे दोन स्क्रू निघालेले, फळा तिरका. काकू फळ्याला पाठ लावून उभ्या, हातात दुधाची पिशवी. "मी हलणार नाही. एक हात मोडलाय, दुसरा घ्या." ड्रिलवाला बिचारा त्यांना आजी आजी करत होता.
सुहास फोनवर : "भाऊ, काय करू?... हो... हो... पण भाऊ..." पलीकडे काय चाललंय कळेना. तो नुसता ऐकत होता, आणि चेहरा उतरत होता. का, ते सांगेना.

कोपऱ्यावर खडीचा ढीग पडलाय. काल नव्हता. खड्ड्यासाठी की स्क्रीनच्या खांबासाठी, टाकणाऱ्यालाही माहीत नाही. "भाऊंनी सांगितलं, टाक. टाकली."

काकूंना जरा डावीकडे सरकायला सांगितलं आणि लिहायला लागले. ओळी तिरक्या आल्या. सुविचार, शब्द, जन्मदिनात एक कै. शिल्पकार. परिसरवार्तेत खडी आल्याचं लिहिलं. पुढची जागा मोकळी सोडली, खड्डा बुजला तर लिहायला.
सुहासचा फोन चालूच होता.

येताना खडूचा नवा डबा घेतला. मोठा.