गाडी कुठं लावणार?

२ एप्रिल २००३, गुढीपाडवा

ट्रक आणला. मॉडेल १९५८. असे आता जगात फारच थोडे उरले असतील. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला उभा होता. त्यात कांदे साठवत. लोकांना कशाची किंमत नसते.

ओढून आणावा लागला. तो तपशील.

व्हीआरएस घेताना ऑफिसात सगळ्यांनी विचारलं होतं, आता काय करणार? म्हणालो होतो, कळेल. आता कळेल. ट्रकच्या मागे घर बांधायचं. दोन बंक, ओटा, खिडकी. परदेशात याला कॅम्पर म्हणतात. वारजे ते कन्याकुमारी, मी आणि दीपमाला.

दीपमालानं गॅलरीतून पाहिलं. म्हणाली, अहो, पाडव्याला लोक फ्रिज आणतात.

आत कांद्याचा वास आहे. जाईल.

५ एप्रिल

चार्ट तयार. भिंतीवर लावला. प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये आयुष्य गेलं, ते वाया जात नाही. १ जूनला प्रस्थान.

दीपमालाची एक अट आहे. म्हणाली, लग्न झाल्यावर महाबळेश्वर म्हणाला होतात, वाईला जाऊन परत आलो. मग काश्मीर म्हणालात, तेव्हा तिकडं गडबड सुरू झाली. हे तिसरं. ट्रक स्वतःच्या इंजिनावर सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला, तर मी शेजारी बसेन. ढकलून नाही.

शिवाय डिसेंबरात महिला मंडळाची बस कन्याकुमारीला जाते आहे. तिनं त्यात नाव घातलं आहे. सध्या पेन्सिलीनं.

अट मान्य. पेन्सिल खोडता येते.

१४ एप्रिल

मेकॅनिक मिळाला. हिंदुराव. इंजिनाला कान लावून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, सायेब, जीव हाय. मला पहिल्या दिवशीच ते जाणवलं होतं. उद्या येतो म्हणाला.

९ मे

हिंदुराव आला. काहीतरी काढून घेऊन गेला. म्हणाला, ह्याचा जोड शोधावा लागंल. उद्या आणतो.

तोवर घराचं काम. सुतार चांगला आहे, पण त्याला कल्पनाशक्ती नाही. विचारलं, ही पेटी कशाला? म्हणालो, बंक. म्हणाला, मग माणूस दुमडून झोपणार का? एका बंकची लांबी चुकली आहे. त्यावर सामान ठेवू.

१ जून

प्रस्थान नाही. कारण तांत्रिक. चार्ट सुधारला. पावसाळ्यात शहाणा माणूस निघतच नाही. १५ ऑगस्ट उत्तम. दिवसालाही अर्थ आहे.

 दीपमाला चार्टजवळ गेली, वाचला, आणि तिथल्या खिळ्याला पिशवी अडकवली.

८ जून

सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव यांनी पार्किंगमध्ये पाटी लावली. ‘येथे वाहने लावावीत. घरे लावू नयेत. सूचना संबंधितांस कळली असेलच.’

मी खाली दुसरी पाटी लावली. ‘हे वाहनच आहे. पाहता येत नसल्यास विचारावे.’

संध्याकाळी त्यांनी विचारलं, वाहन आहे तर वाहत का नाही? उत्तर दिलं नाही. पाटीवर जागा नव्हती.

२० जुलै

माझी सर्वांत चांगली कल्पना आज पूर्ण झाली. उजव्या बाजूला मोठी खिडकी. झाप वर उचलायची, दोन दांड्यांवर टेकवायची, सावली तयार. बाहेरून रुंद फळी. त्या फळीवर चहाचे कप ठेवून समुद्र पाहायचा. ओटा खिडकीलाच लागून, म्हणजे दीपमालाला स्वयंपाक करतानाही समुद्र दिसेल. बायकांचा एवढा विचार कोण करतं?

वॉचमन बघायला आला. विचारलं, साहेब, भजीपण ठेवणार का? अशिक्षितपणा.

३ ऑगस्ट

रंग दिला. पिस्ता. आत कांद्याचा वास अजून आहे. रंगाचा वास आला की जाईल असा अंदाज होता. आता दोन्ही आहेत.

हिंदुराव आला होता. खिडकीभोवती दोन चकरा मारल्या, फळीवर थाप मारली. खूश झाला. विचारलं, गाडी कुठं लावणार, सायेब?

म्हणालो, कन्याकुमारीला. समुद्राच्या तोंडावर.

 तो म्हणाला, एवढ्या लांब? तिथं चालंल का?

मी म्हणालो, न चालायला काय झालं? तू इंजिन नीट कर.

मान हलवत गेला. ही दृष्टी एकदम पेलत नाही माणसांना.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन केलं.

३१ ऑगस्ट

वरच्या मजल्यावर भाडेकरू मुलगी आली आहे, आम्रपाली. अमरावतीची. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दीपमालाचंही माहेर अमरावतीचं, म्हणून दोघींचं लगेच जमलं. आम्रपालीनं ट्रकला चक्कर मारली, म्हणाली, काका, काय भारी करून राहिले तुम्ही! म्हणजे नव्या पिढीला कळतं. मग विचारलं, गाडी कधी लावता? म्हणालो, दसऱ्यानंतर. म्हणाली, आमच्या स्टॉपकडं लावा न काका, सकाळी पोट्टे उपाशी राहतात.

पोट्ट्यांचा आणि कन्याकुमारीचा संबंध लक्षात आला नाही. विदर्भातली माणसं बोलता बोलता विषय बदलतात.

५ ऑक्टोबर, दसरा

इंजिन सुरू झालं!

हिंदुरावनं जोड आणला, बसवला, हँडल मारलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत धूर. रंगराव नाकाला रुमाल लावून खाली आले. मी त्यांना म्हणालो, वाहतं आहे. ते म्हणाले, धूर वाहतोय.

दीपमालानं झेंडूची माळ घातली. बॉनेटवर हात ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत काढला नाही. तिला आवडतो आहे. दाखवत नाही.

१० नोव्हेंबरला प्रस्थान. हा आकडा आता खोडायचा नाही. चार्ट काढून टाकला. माणसानं कागदावर फार विसंबू नये.

२ नोव्हेंबर

एक किरकोळ बाब. माझं लायसन्स स्कूटरचं आहे. हिंदुराव चालवेल, निदान घाट संपेपर्यंत. कप्तान स्वतः सुकाणू धरत नसतो.

९ नोव्हेंबर

सामान चढवलं. स्टोव्ह, दोन पातेली, कढई, पोहे, तेल, तिखट. दीपमालानं कांद्याचं पोतंही चढवलं. मी म्हणालो, वास जात नाही, त्यात हे? ती म्हणाली, एवीतेवी वास आहेच, तर कांदे तरी असू देत.

१० नोव्हेंबर, सकाळी ६.४०

फाटकाबाहेर पडलो. स्वतःच्या इंजिनावर. ढकलून नाही. हिंदुराव, मी मधे, खिडकीशी दीपमाला. तिनं नवी साडी नेसली आहे. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, बरं.

एवढ्या वर्षांत असं ‘बरं’ ऐकलं नव्हतं.

रंगराव गॅलरीत उभे होते. हात हलवला. मीही.

१० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

बायपासला लागलो. थांबलो आहोत. किरकोळ.

१० नोव्हेंबर, दुपारी

हिंदुराव पार्ट आणायला गेला आहे. येतोच म्हणाला.

आम्ही थांबलो तिथंच कंपन्यांच्या बस येतात. मुलं-मुली गळ्यात पट्टे अडकवून उभी होती. इतके लोक ट्रक पाहायला येतील असं वाटलं नव्हतं. त्यांना मॉडेल, सन, बंक सगळं समजावून सांगितलं. दीपमालानं कंटाळून झाप उचलली आणि आम्हा दोघांपुरते पोहे टाकले. वर माहेरच्या पद्धतीची लाल तर्री. वास सुटला. एकानं विचारलं, काकू, कसे दिले?

दीपमालानं माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. मग आणखी पोहे भिजवले.

आतिथ्य हा प्रवासाचा भागच आहे.

११ नोव्हेंबर

हिंदुराव आला नाही. मुक्काम ट्रकमध्येच. बंकवर दुमडून झोपता येतं. सुतार उगाच बोलत होता.

सकाळी कालच्यापेक्षा गर्दी. आम्रपालीनं कंपनीत सगळ्यांना ईमेल पाठवला म्हणे. मोहिमेची बातमी पसरते आहे.

१२ नोव्हेंबर

ट्रक परत सोसायटीत नेऊन ठेवावा, असा एक तात्पुरता विचार होता. माघार नव्हे. पुनर्रचना. चौकशीला गेलो. आमच्या जागी स्कूटरसाठी पिवळे पट्टे मारलेले. पाटी: ‘जागा भरली आहे. शुभ प्रवास.’

हरकत नाही. मागचे दोर कापले की माणूस लढतो. झोपायला मात्र घरी जायचं, असं दीपमालानं ठरवलं.

१४ नोव्हेंबर

हवालदार आले. विचारलं, गाडी इथं लावायला परवानगी आहे का? म्हणालो, लावली नाही, लागली. त्यांना फरक कळला नाही. पार्ट येतोय म्हणालो. ते म्हणाले, पार्ट येईपर्यंत काय पोहे विकता? म्हणालो, हे विकणं नाही, खोळंबा आहे.

दीपमालानं त्यांना डिश दिली. ते पैसे देऊन गेले. मला ते पैसे अपमानास्पद वाटले. दीपमालाला नाही वाटले.

२१ नोव्हेंबर

ठामपणे सांगितलं, हे थांबवायचं. लोकांचा गैरसमज होतो आहे. आपण प्रवासी आहोत.

दीपमाला म्हणाली, बरोबर. तेवढे कांदे चिरा, बस यायची वेळ झाली.

निषेध म्हणून जाड चिरले.

२३ नोव्हेंबर

जाड कांदा लोकांना आवडला. आम्रपाली म्हणाली, काका, तुमची गाडी मस्त लागून राहिली. म्हणजे काय ते आता मला कळतं. आधीही कळत होतं. लक्ष दिलं नव्हतं.

२ डिसेंबर

हिंदुरावचा निरोप आला. जोड मिळाला, पण उलट्या बाजूचा. उद्या येतो.

कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मुक्कामांचा कागद काढून पाहिला. त्यावर कुणीतरी तर्रीची कढई ठेवली होती. कोल्हापूर गेलं. कन्याकुमारी शिल्लक आहे.

१८ डिसेंबर

मंडळाची बस परवा निघते. दीपमालानं नाव पेनानं घातलं. तिनं ते मला स्वतःहून सांगितलं. मग ओटा पुसत म्हणाली, एक सीट शिल्लक आहे. आपण आलात तर दोन दिवस गाडी बंद ठेवू, चार दिवस ठेवू, काय बिघडतं?

ती मला ‘आपण’ कधी म्हणत नाही.

मी म्हणालो, कन्याकुमारीला मी जाईन तर याच गाडीनं. बसनं नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिनं फडकं पिळलं. मग म्हणाली, ठीक. मग गाडीवर कोण उभं राहणार, हा प्रश्न सुटला.

तर्रीचं प्रमाण तोंडी सांगितलं. लिहून घेतलं नाही. लक्षात राहतं.

२० डिसेंबर

मंडळाची बस आपल्या समोरूनच गेली. बायका गात होत्या. दीपमाला खिडकीशी बसली होती. प्रस्थानाच्या दिवशीचीच साडी. शेजारची सीट रिकामी होती. तिनं हातानं काहीतरी दाखवलं. मी हात हलवला. पुन्हा जोरात दाखवलं. मीही जोरात हलवला.

मागं वळलो तर तर्री उतू गेली होती.

२२ डिसेंबर

तर्रीत नेमकं काय आधी घालायचं होतं? आम्रपालीला विचारलं. म्हणाली, काका, मी टेस्टिंगला आहे, मी फक्त चुकलं तेवढं सांगते. चुकलं आहे.

२४ डिसेंबर, सकाळी

आम्रपालीच्या मोबाइलवर दीपमालाचा फोन आला. कन्याकुमारीहून. पहाटे सूर्योदय पाहिला म्हणाली. मी विचारलं, समुद्राचे रंग वेगवेगळे दिसतात का? म्हणाली, दिसतात.  मागं लाटांचा आवाज होता. बायपासचाही तसाच येतो, नीट ऐकलं तर.

मग म्हणाली, तर्री पातळ करत नाही ना? म्हणालो, नाही.

म्हणाली, अहो, बसमध्ये शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवून आले. कुणी बसायला नको म्हणून.

मी विचारलं, कुठली पिशवी? तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं, काका, दोन फुल!

२४ डिसेंबर, सव्वासात

हिंदुराव आला. जोड घेऊन. सरळ बाजूचा. बॉनेट उघडलं, बसवला, हँडल मारलं. पहिल्या झटक्यात सुरू. असा आवाज दसऱ्यालाही आला नव्हता. म्हणाला, सायेब, आता थांबायचं नाय, डायरेक कन्याकुमारी. बसा.

गाडी थरथरली. फळी थरथरली. तर्री थरथरली आणि डिशांमध्ये, शर्टांवर, एका मुलीच्या गळ्यातल्या पट्ट्यावर सांडली. सगळे ओरडले, काका, बंद करा न!

हिंदुरावनं माझ्याकडं पाहिलं.

मीच म्हणालो, बंद कर. साडेसातची बस जाऊ दे.

बंद केलं.

आता आत कांद्याचा वास येत नाही.