हिरवा ठिपका

नगर, १९७२. दिवाळीनंतरचा गुरुवार, संध्याकाळ.

जमलं! घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पुण्याहून आलेल्या सरांनी आज आमच्या कॉलेजात लेझर आणला. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मी क्षाराच्या द्रावणात वाढवलेल्या स्फटिकातून जाताना त्याच्या लहरीची लांबी निम्मी व्हावी आणि तो हिरवा होऊन बाहेर यावा, एवढंच दाखवायचं होतं. पहिल्यांदा कागद कोराच. सर हसले, "घरी वाढवलेला स्फटिक, बाई, अपेक्षा तरी किती ठेवायची?" चिडलेच मी. स्फटिक केसभर फिरवला. पुन्हा झोत सोडला. कागदावर हिरवा ठिपका! सर खुर्चीतून ताडकन उठले.

अहो सर, घरी होता म्हणूनच वाढला! द्रावणाची बरणी जरा हलली तरी स्फटिक बिघडतो, म्हणून सासूबाईंनी ती देव्हाऱ्यामागे ठेवून घेतली. तिथे त्यांच्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

घरी आल्याआल्या त्यांना सांगितलं.

"हिरवा म्हंजी कसा गं?"

"ज्वारीच्या कोवळ्या पात्यासारखा, आत्याबाई."

यंदा पाऊस नाही; पाथर्डीकडचं त्यांचं माहेर ओसाड पडलंय. मग उठून त्यांनी रिकाम्या बरणीला कुंकू लावलं.

"औंदा जिल्ह्यात तेवढंच हिरवं उगवलं बघ. अन् ते आपल्या घरात."