मिठाची हाक

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी आवाज द्यायचं काम नुकतंच धरलं होतं, आणि ते काय असतं हे मला तुम्हाला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. परदेशी मालिकेतली माणसं ओठ हलवतात आणि आपण त्यांच्या तोंडी मराठी घालतो, असं मी म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "म्हंजी दुसऱ्याच्या तोंडानं जेवायचं." आज चौदा वर्षांनी लिहायला बसले आहे, कारण ते जेवण आता पचेनासं झालं आहे.

दोन वर्षं एकाच मालिकेचं काम चालू आहे. आभाळातली गोष्ट आहे, पाच ग्रहांची. पहिल्या ग्रहावर दोन सूर्य, काचेचे मनोरे आणि पांढऱ्या झग्यातली माणसं. ही माणसं कधी काही उचलताना दिसत नाहीत, पाण्याचा पेलासुद्धा नाही. सभा तीच भरवतात, न्याय तीच करतात, आणि विश्वाच्या कल्याणाबद्दल इतकं बोलतात की माझे ओठ दुखतात. दुसऱ्या ग्रहावर त्यांचे सैनिक, तिसऱ्या-चौथ्यावर कारागीर आणि व्यापारी. पाचव्यावर अंधार, बिळं आणि बिळांत राहणारी केसाळ माणसं. ती निळा दगड खणतात आणि त्या दगडावर वरच्यांची जहाजं उडतात. पाचव्या ग्रहावरच्यांना नावं नाहीत, कपाळावर आकडे आहेत. ज्यानं हे सगळं रचलं त्याला ताऱ्यांपलीकडे जाणारं जहाज सुचलं, पण राबणाऱ्याशिवायचं घर काही सुचलं नाही. त्या पांढऱ्या झग्यांची मला शिसारी येते. पण झगे कुठल्यातरी परक्या मुलखात शिवले गेले. पाचव्या ग्रहाला बोली दिली ती मी.

मूळ मालिकेत ती माणसं नुसती गुरगुरतात. आमचे दिग्दर्शक तसे वाईट नाहीत, सगळ्यांना चहा स्वतः आणून देतात. ते म्हणाले, "यांना जरा तुमच्या भोर-वेल्ह्याकडचं द्या ना. मजा येईल." कशाची मजा, असं मी विचारलं नाही. एका बैठकीत लिहून काढलं: आमी, तुमी, म्या, न्हाई, लई. झगेवाल्यांना पुस्तकातली भाषा आणि बिळातल्यांना माझ्या आईची. वाचून दाखवलं तेव्हा स्टुडिओत सगळे पोट धरून हसले आणि आबा, मीही हसले.

त्या ग्रहावर एक म्हातारी मुकादमीण आहे, वरच्यांना फितूर झालेली. ती खायला मिळेल अशी आशा लावून आपल्याच माणसांना हाक मारते, ती बिळांतून धावत येतात, आणि जहाजाचं दार बंद होतं. तिचा आवाज माझा. मूळ नटी नुसती किंचाळते. मला सांगितलं गेलं की असं काहीतरी द्या, ऐकताच धावत सुटावंसं वाटलं पाहिजे. मला दुसरं काही आठवलंच नाही. मी तुमची मिठाची हाक दिली.

छातीतून निघून वर चढत जाणारी आणि शेवटी जिभेच्या टकटकीनं तुटणारी ती हाक तुम्ही मला आपल्या पठारावर शिकवलीत. वळवायची हाक वेगळी, पाण्याची वेगळी. ही फक्त मिठाची. ती कानावर पडली की शेरडं-मेंढरं चरणं टाकून येतात आणि तळहात चाटतात. मी नऊ वर्षांची आहे. सारोळ्याहून मामेबहीण आली आहे आणि तिच्यासमोर मला भाव खायचा आहे. मी रिकाम्या हातानं हाक देते. अख्खा कळप उधळत येतो, आम्ही दोघी खिदळतो. तुम्ही कातळावरून उतरता. मला वाटतं आता पाठीत बसणार. तुम्ही एवढंच म्हणता, "ती हुबी हायती. मीठ आण जा." घर अर्ध्या तासाच्या चढावर. मी रडत जाते, ओच्यात मीठ घेऊन रडत उतरते, आणि तोवर तुम्ही कळपाला हलू देत नाही, स्वतःही उन्हात तसेच उभे राहता. मीठ चाटून झाल्यावर म्हणालात, "जनावराला फशिवलं तर त्ये येकदाच फसतंय. मग बिबट्या आला तरी आपलं ऐकत न्हाई." संध्याकाळी तुमची जुनी चंची मिठानं भरून तुम्ही माझ्या कमरेला बांधलीत. पुढं शाळेतसुद्धा मी ती बांधून जायचे.

तर तो हाकेचा तुकडा मोबाईलवर गाजला. आंबवड्याला लग्नाला जाताना भोरच्या एसटी स्टँडवर कॉलेजची पोरं एकमेकांना ती हाक मारताना पाहिली. ज्याला हाक मारली त्यानं जीभ बाहेर काढून धावायचं, असा खेळ आहे. आवाज माझ्याच घशातून निघालेला. मी तोंड फिरवून एसटीत चढले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा दादा अंगणात दोर वळत होता. मान वर न करता म्हणाला, "शनवार-रैवारी गाड्या येत्यात पठारावर. मोबाईलवर तुजी हाक लावत्यात. मेंढरं पळत जात्यात, त्ये हासत्यात, फोटू काढत्यात. पयल्यांदा मला बी वाटलं, आबाच आलं." मग दोराला नवा पेड जोडून घेतला. "सरत्या पावसात धुकं पडलं. कळप कड्याकडं सरकला. म्या हाक मारली, लई मारली. येक बी फिरलं न्हाई. दोन गाभण शेरडं खाली गेली." त्यानं मला दोष दिला नाही. वहिनी भाकरी थापत होती, ती आतूनच म्हणाली, "आबांची हाक टीव्हीला द्यायचीच व्हती वन्सं, तर संगं मीठ बी द्यायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूठभर मीठ घेऊन एकटी पठारावर गेले. हाक मारली. सगळ्यांनी माना वर केल्या, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातल्या. पुन्हा मारली. कान फाटलेली एक म्हातारी मेंढी थोडी पुढं आली आणि थांबली, माझ्या हाताकडं बघत. हातात मीठ होतं, आबा, खरंच होतं. मी ते कातळावर ठेवलं आणि लांब जाऊन बसले, तेव्हा कुठं ती कातळापाशी गेली. मला वाटलं होतं रडू येईल. स्वतःचीच किळस आली, बाकी काही नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगते, जे दादालाही सांगितलेलं नाही. त्या सकाळी उजव्या हातात मीठ होतं आणि डाव्या हातात मोबाईल. मालिकेच्या पुढच्या पर्वात मुकादमीण परत येते, आणि उघड्यावरच्या हाकेला जो घुमारा येतो तो बंद खोलीत येत नाही, म्हणून मी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून घेत होते. ती अजून माझ्याकडे आहे, पुसलेली नाही. आणि दुसऱ्यांदा हाक मारली ती मेंढरं आली नाहीत म्हणून नव्हती. पहिलीत वारा शिरला होता.