रंगातला अंगठा

सर, तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला लिहायची ही पहिलीच वेळ. पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहेच. पण ऑफिसातून विश्रांतवाडीला घरी आले, कुकर लावला, जेवणं झाली, तरी कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडेना. घरी विषय काढला की "जेवताना तरी नको" असं ऐकावं लागतं. तुम्हाला निदान बोटाचा ठसा म्हणजे काय इथपासून सांगायला नको.

मी चंद्रपूरहून आले आणि तुमच्या हाताखाली लागले, तो पहिला आठवडा मला अजून जसाच्या तसा दिसतो. कसल्याशा घरफोडीतल्या काचेवरचा ठसा घेऊन मी तुमच्या टेबलापाशी उभी आहे. "सर, हा बहुतेक त्याचाच आहे." तुम्ही भिंगातून डोळाही वर करत नाही. "आपण पत्रिकाही बघता का? नाही, बहुतेक म्हणालात म्हणून विचारलं. आमच्या भाचीचं कुठे जमत नाहीये." सगळी खोली हसली. मी जिन्यात जाऊन तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या, आमच्याकडच्या अस्सल. पण तो शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघाला नाही. जुळतो, जुळत नाही किंवा सांगता येत नाही. तिन्हीतलं तिसरं सांगायला सगळ्यात जास्त हिंमत लागते, हे तुम्हीच शिकवलंत. आणि निकाल चौकीला कळवायचा, कुणाच्या घरी नाही, हेही तुमचंच. एकदा व्हरांड्यात ताटकळलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी "तुमचा मुलगा नाही हो तो" असं सांगायला निघाले होते, तर तुम्ही मला आत बोलावून घेतलंत. "आज चांगली बातमी सांगाल. उद्या वाईट ऐकायलाही ते तुमच्याचकडे येतील. मग काय कराल?" मला तेव्हा तुम्ही कोरडे वाटला होतात. खरं सांगायचं तर राग आला होता.

तुमच्या घरी एका रविवारी जेवायला बोलावलं होतं, ते आठवतं? काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. तुम्ही त्यांचा गोळा मागून घेतलात, माझा अंगठा त्यात दाबलात आणि कोरडं पीठ कणकेवर उठून दिसणार नाही म्हणून वर हळद भुरभुरलीत. काकू म्हणाल्या, "अहो, पोळ्या करायच्यात मला, परीक्षा ऑफिसात घ्या." तुम्ही ढिम्म. मला विचारलंत, "पिवळं दिसतंय ते काय? अंगठ्याची रेष, का दोन रेषांमधली खाच?" मी बेधडक म्हटलं, रेष. चूक. काचेवर बोट लागलं की उंच रेषांचा घाम काचेला लागतो, पावडर त्याला चिकटते, म्हणून काळी दिसते ती रेष. पण मऊ वस्तूत बोट रुतलं की रेषा खाली जातात आणि खाचा वर उचलून येतात. पावडर वरच्याला लागते. सगळं उलटं. जिथे रेष थांबलेली असते, तिथे आपल्याला फाटा फुटलेला दिसतो. त्या दिवशी पोळ्या किंचित जास्त पिवळ्या झाल्या होत्या, आणि काकूंनी तुम्हालाच त्या वाढल्या.

तर झालं असं. लोणी काळभोरजवळ कालव्यात एका माणसाचा मृतदेह सापडला. बरेच दिवस पाण्यात, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, अंगावर फक्त बनियन आणि अर्धी चड्डी. गावातलीच एक बाई नवरा हरवल्याची तक्रार देऊन बसली होती. तिला शवागारात नेलं, तिनं बघितलं आणि सांगितलं, हे ते नाहीत. पोलिसांना मात्र तोच असावा असं वाटत होतं. डीएनएचा नमुना गेला, पण त्याचा अहवाल यायला वेळ लागतो. हाताचे ठसे आम्ही कसेबसे मिळवले, पण ताडून बघायचे कशाशी? माणूस सरळमार्गी, कधी चौकीची पायरी चढलेला नाही, म्हणजे आपल्याकडे त्याचं काहीच नाही. आधार कार्डाचे ठसे असे आपल्याला मिळत नाहीत; तुमच्या वेळेस आधार नव्हतं, आता प्रत्येक जण विचारतो म्हणून सांगितलं. शेवटी आमच्याकडे नवी लागलेली मुलगी त्यांच्या घरी गेली. हुशार आहे, फक्त "ओके मॅम, डन" याच्या पुढे बोलत नाही. तर त्या बाईनं घर घासूनपुसून लख्ख केलेलं. नवरा परत येणार म्हणून. डबे, आरसा, गाडीची चावी, कशावर एक बोट उमटलेलं सापडेना. मग खिडकीच्या चौकटीवर सापडलं. नवऱ्यानं दिवाळीच्या आधी घरच्या घरी निळा ऑइलपेंट लावला होता आणि वाळलाय का ते बघायला अंगठा टेकवला होता. वाळला नव्हता. बाई म्हणाली, "किती बोलले मी त्येन्ला, नवा रंग खराब केला म्हणून."

आमच्या या नव्या मुलीनं त्यावर पावडर टाकली, फोटो घेतला, मृतदेहाच्या अंगठ्याशी ताडून बघितला आणि निकाल दिला, जुळत नाही. माझी सही व्हायच्या आधीच हवालदारानं फोन करून विचारलं आणि हिनं सांगूनही टाकलं. त्यानं लगेच बाईला कळवलं. चांगली बातमी कुणाला पोटात ठेवावीशी वाटत नाही. दोन दिवसांनी कागद माझ्यासमोर आला. रेषांचा एकूण घाट तोच, वळण तेच, आणि बारकावे बघायला गेलं तर सगळे हटकून उलटे. इथे थांबलेली, तिथे फाटा. इथे फाटा, तिथे थांबलेली. योगायोगानं इतकं उलटं जुळत नाही, सर. मी फोटोतल्या काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं आणि पुन्हा बघितलं. मग दुसऱ्या तज्ज्ञाला काही न सांगता बघायला दिलं. त्यानंही तेच सांगितलं. तो तोच होता.

मुलीला मी रागावले नाही. ती स्वतःच पांढरी पडली होती. दुरुस्त निकाल चौकीला पाठवला की आपलं काम संपतं, हे मला माहीत होतं. पण तुमचं जाणं मला कसं कळलं, ते तुम्हाला माहीत नाही. बसमध्ये होते, ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली सुट्ट्यांची विचारणा, आणि मधे तुम्ही. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि तिथेच बसून राहिले. कुणीतरी समोर येऊन सांगायला हवं होतं, एवढंच तेव्हा वाटत होतं. म्हणून हवालदाराला म्हटलं, फोन करू नका, मी येते.

तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं मला आत बसवलं. मी सगळं सांगितलं. चूक आमची झाली, ठसा रंगात रुतलेला होता, आम्ही तो उलटा वाचला, ते तुमचेच मालक आहेत. बहुतेक नाही, आहेत. तिनं चौकटीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय."

मला वाटलं, चौकीतून कुणीतरी बोललं असेल. ती म्हणाली, "न्हाई ओ. तिथं पाय बघितल्याबरूबरच कळलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढल्यालं. लग्नापासनं बघतेय मी ते. पण मी न्हाई म्हनले. व्हय म्हनलं की मेलेच की वो ते. मग तुमच्याकडनं बी न्हाई म्हनून आलं. म्हनलं मशीन खोटं बोलनार हाय का? माजीच वळख चुकली. लई हसले मी सोताला." पुढे म्हणाली, "दोन दिस पोटभर जेवले ओ बाई मी. ते तिकडं बर्फात आन् मी हितं जेवले."

मला आज पहिल्यांदाच वाटलं, की घरी जायचं नाही हा तुमचा नियम कोरडेपणातून आलेला नव्हता. तुम्ही कधीतरी एकदा गेला असाल. कुठे, कुणाकडे, ते मी कधी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही. ऑफिसात मी सांगितलंय, नातेवाइकांना समक्ष कल्पना दिली, त्यांनी समजून घेतलं. तुम्हाला खरं सांगते. मी तिच्यासमोर हमसून रडले, आणि माझ्यासाठी पाणी आणायला तीच उठली.